एकमताने

उपासना संपली तसा वायरमन वार्तापत्र घेऊन उभा राहिला. विभागातल्या बत्तीस प्रेसबिटेरियन मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, बातम्या दर महिन्याला चार पानांत छापून येत, आणि त्या वाचून दाखवायचं काम त्याचं होतं. या मंडळीने निवडून दिलेला तो एकुलता एक 'वडील', म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा प्रतिनिधी. उपदेश करणारे पाळक महिन्यातून एकदाच येत; एरवी दार उघडण्यापासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात.

समोर एकोणीस माणसं होती. मागच्या बाकांवर कोणी बसत नसे, म्हणून तिथले दिवे तो लावतच नसे.

त्याने वाचायला घेतलं. एका मंडळीत नवा पियानो आला. कुठल्याशा महिला मंडळाने इस्पितळातल्या बाळांसाठी चाळीस टोपडी विणली. एका पाळकांची बदली झाली, एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. तिसऱ्या पानावरची चौकट त्याने वगळली आणि सरळ पाठांतर स्पर्धेच्या निकालावर गेला.

"एवढंच," तो म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

"आपलं काहीच नाही?" पहिल्या बाकावरून पाळकीणबाईंनी विचारलं. जुन्या पाळकांच्या त्या विधवा. नव्वदी गाठलेली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, पण कान तिखट. "विभागाच्या सभेत आपला विषय होता ना रे? मी रोज प्रार्थना करतेय."

वायरमनने घडी उलगडली.

"सभासदसंख्या घटल्यामुळे ही मंडळी मोठ्या रस्त्यावरच्या मंडळीत विलीन करावी आणि इमारत बंद करावी, असा ठराव सभेने एकमताने संमत केला. हरकत असल्यास ठरावापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी."



"सभा होऊन किती दिवस झाले?" सरांनी विचारलं. ते शाळेत शिकवत. ही मंडळी बंद करू नये, असं दोन पानी निवेदन सभेत वाचायला म्हणून वायरमनला त्यांनीच लिहून दिलं होतं.

"बावीस."

मुदत संपून आठवडा झाला होता; सरांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"पण एकमताने कसं?" पाळकीणबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "त्या दिवशी बरं नव्हतं का तुला? जाता आलं नसेल."

मान हलवली असती तरी भागलं असतं. तिसऱ्या बाकावर त्याची बायको बसली होती. सभेच्या दिवशी पहाटे उठून तिने त्याचा डबा केला होता, शर्टाला इस्त्री करून दिली होती. सभेत काय झालं, हे तिने किती वेळा विचारलं, आणि दर वेळी त्याने "बघू म्हणालेत" एवढ्यावर भागवलं होतं. आत्ता ती त्याच्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाकडे बघत होती.

"गेलो होतो," तो म्हणाला. "हात वर केला."

"ठरावाच्या बाजूने?"

"हो."

"का रे?" पाळकीणबाईंनी विचारलं, कुणाला लागलं तर विचारावं तसं.

"सकाळी त्यांचा माईक बंद पडला. मी दुरुस्त करून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी जेवताना शेजारी बसवून घेतलं. हा आपला माणूस, असं सगळ्यांना सांगत होते." तो थांबला. तोंडाने सांगताना हे किती किरकोळ वाटतं, ते त्याला आता कळत होतं. "दुपारी ठराव आला. आजूबाजूचे सगळे हात वर गेले. सरांचे कागद खिशातच होते. पण मला एकट्याला हात खाली ठेवता आला नाही."

"आणि त्यानंतर?" सर म्हणाले. "आल्या आल्या सांगितलं असतं तर हरकत पाठवता आली असती."

"रोज सांगणार होतो."

 मग खिडकीजवळच्या बस ड्रायव्हरने विचारलं, "मग माईक नीट चालला का नंतर?"

कोणी हसलं नाही.

"चालला," वायरमन म्हणाला.

पाळक नसले की शेवटी दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवायचा, तोही त्यानेच. आजही तो जाऊन उभा राहिला. लोक बाजूच्या दाराने निघून जातील अशी त्याला आशा होती. एकही जण तिकडे वळला नाही. एकेक जण आला, त्याचा हात हातात घेतला, "येतो" म्हणाला आणि गेला. बस ड्रायव्हरने हात दिला. सरांनीही दिला, नजर मात्र दिली नाही. पाळकीणबाईंनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

"गार पडलाय," त्या म्हणाल्या.

बायको या रांगेत कधीच नसायची. ती मागे राहून खिडक्या लावायची, मग दोघं बरोबर घरी जायची. आज खिडक्या उघड्याच होत्या आणि ती रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी होती. जवळ आल्यावर तिने बाकीच्यांसारखाच हात पुढे केला.

"येते," ती म्हणाली.