फाटकाकडे सरकणारा दगड

"बाई, तुमचा दगड जागचा हलला कसा?" तपासनीस साहेबांनी घोड्यावरूनच विचारलं.

मेरताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. स्वीडनमधल्या त्या खेड्यात रस्त्याची डागडुजी घरोघरी वाटून दिलेली, आणि कुणाचा वाटा कुठून सुरू होतो ते नाव कोरलेला दगड सांगायचा. विधवा मेरताबाईंचा वाटा त्यांच्या दगडापासून त्यांच्याच फाटकापर्यंत. दगड फाटकाकडे सरकला, म्हणजे वाटा आखूड झाला. आणि दगड हलवणाऱ्याला तुरुंग.

"ताज्या पावाचा वास आला की दगड चालतात, साहेब. माझ्या आजीनं डोळ्यांनी पाहिलंय. कालच मी पाव भाजले."

"तुरुंगात शिळा मिळतो, बाई."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा विधुर एलोफ पुढे आला. गुडघ्यांना माती, हातात पहार. "मी सरकवला, साहेब. दर वसंतात थोडा थोडा."

"अरे, दगडापर्यंतचा रस्ता तुझ्या वाट्याचा! स्वतःचं काम वाढवायला दगड कोण सरकवतो, गाढवा?"

एलोफ कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "बाईंची कंबर दुखते," तो पुटपुटला.

साहेबांनी मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं. "मग मी काही पाहिलंच नाही," म्हणत त्यांनी घोडा वळवला.

मेरताबाईंनी एलोफला एकदा वरून खाली न्याहाळलं.

"इतकी वर्षं ढकलतोयस, आणि अजून इथंच? या चालीनं आलास तर पोचेपर्यंत मी म्हातारी होईन. ठेव ती पहार. फाटकाला कडी नाहीये."