दुखतं, पण त्रास नाही

विजेच्या खांबावरून पडल्यापासून लाईनमन दौलतराव घुगे सहा वर्षं कमरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. पुनर्वसन केंद्रात त्यांच्या कानामागे मेंदूला जोडलेली, दुखणं बोथट करणारी चकती बसवली आणि तीन आठवड्यांत ते चालायला लागले.

"दुखतं का?" समुपदेशक शाल्मलीताईंनी विचारलं.

"दुखतं की. पण त्याचं काही वाटत नाही."

त्याच संध्याकाळी घरी कढईतलं तेल त्यांच्या बायकोच्या, सिंधूच्या हातावर सांडलं. ती कळवळून खाली बसली. दौलतरावांना सगळं कळत होतं, पण आत काही हललं नाही. त्यांनी ताटातला भात संपवला आणि मग तिला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात सिंधूसमोर त्यांनी स्वतःच हे सांगितलं.

शाल्मलीताई म्हणाल्या, "आपलं आणि दुसऱ्याचं दुखणं मेंदूत एकाच जागी बोचतं. चकती दोन्ही बोथट करते. काढायची का?"

दौलतराव म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

सिंधूने बँडेज बांधलेला हात पदराखाली घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "मला आता यांना उचलवत नाही."

बाहेर पडताना ती रडत होती. दौलतराव तिच्या चार पावलं पुढे, ताठ चालत होते.