पुढची शून्यं

राजुऱ्यात भाड्याच्या खोलीत बसून करिष्मा परदेशातल्या एका कंपनीसाठी सभासदांचे बँकेतले खातेक्रमांक नीट करून द्यायची. प्रत्येक देशाची तऱ्हा न्यारी. क्रमांक त्या तऱ्हेत बसला तरच दरमहा वर्गणी खात्यातून आपोआप कापली जायची. जर्मनीतल्या वेर्नर नावाच्या सभासदाचा क्रमांक मात्र दर यादीत सुरुवातीची शून्यं गळून आखूडच यायचा. त्याच्यापुढं शून्यं लावता लावता, जन्मसाल पाहून, ती त्यांना मनातल्या मनात वेर्नरआजोबा म्हणू लागली होती. अख्ख्या दिवसात तेवढंच एक नाव ओळखीचं.

त्या दुपारी त्यांच्या वर्गणीची मागणी बँकेतून तशीच परत आली. सोबत बँकेचे दोनच शब्द होते: खातेदार मृत. साहेबांनी कळवलं, “ओळ काढून टाका.” तिनं ओळ काढली, लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

ओल्या केसांनी ती बाहेर आली. घरमालकीण कमळाबाई एरवी भाड्यापुरतीच दार वाजवायची, आज अंगणातून म्हणाली, “काऊन वं, या वक्ती आंघोळ? कोन गेलं?”

“जर्मनीचे एक आजोबा.”

“नात्यातले होते?”

“नाई. त्यायले तं मी आहो हेही ठाऊक नव्हतं.”

“मंग आंघोळ काऊन केली?”

“बातमी मलेच आली ना, बाई.”

कमळाबाई अंगणातून तिच्या दाराशी आली.

“आज गॅस नोको पेटवू,” ती म्हणाली. “ताट माह्या घरून येईन.”