दुपारची बॉबीन

मोराची मान भरून झाली आणि मशीन थांबली. पडद्यावर लाल चौकोन उमटला: खालचा धागा तपासा. घड्याळ बघायची गरज नव्हती. एक वाजला असणार. वडवणीच्या स्टँडवर एसटीनंही कधी इतकी वेळ पाळली नसेल.

पंचशीलानं बीडला, मशीन घेतलेल्या दुकानातल्या मुंजाजी मेकॅनिकला फोन लावला. या खेपेला तिनं तक्रार केली नाही. टेम्पो घेऊनच या आणि मशीन परत न्या, एवढंच म्हणाली. भरतकामाच्या या कॉम्प्युटरच्या मशीनच्या भरवशावर तिनं गेल्या साली ऊसतोडीला जायचं नाकारलं होतं. टोळीत एकट्याला कुणी घेत नाही, नवराबायकोची जोडी लागते. मशीन गेली की दसऱ्यानंतर नवऱ्याच्या, पवनच्या जोडीनं तिलाही कोयता घेऊन निघावं लागणार होतं. ब्लाउजवर मोर-वेली काढून घ्यायला लांबलांबून बाया यायच्या. पण तीन महिन्यांत एकही कापड वेळेवर गेलं नव्हतं आणि आता त्या केजला जाऊ लागल्या होत्या.

मुंजाजीनं काय करायचं ठेवलं होतं? सुई बदलली, बोर्ड बदलला, स्टॅबिलायझर बसवला. बॉबीन म्हणजे खालच्या धाग्याची इवलीशी रीळ. पेटीतली स्वतःची बॉबीन घालून तो चालवून बघायचा, तेव्हा मशीन शहाण्यासारखी चालायची. तो घाट उतरून गेला की दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, पुन्हा हटून बसायची. शेवटी त्यानं हात टेकले होते. पुढच्या खेपेला परतच नेतो, असं तोच म्हणाला होता.

मशीन बंद म्हणजे हाताला काम नाही. सासूनं, भामाबाईनं, ताट वाढलं. मशीन जाणार हे पंचशीलानं तिला सांगितलं नव्हतं. म्हातारी रडत बसली असती. बॉबीन भरून द्यायचं काम भामाबाईचंच होतं. रोज सकाळी ती हातानं फिरवायच्या चक्रीवर चार बॉबीन भरायची आणि ओळीनं मांडून ठेवायची. सून कामाची आणि सासूही कामाची, असं घर गावात औषधालाही सापडत नव्हतं.

भाकर खाऊन पंचशीला तिथंच फरशीवर कलंडली. भामाबाई शेजारी बसून पदरानं वारा घालू लागली. डोळा लागला आणि स्वप्न पडलं. मशीन धारूरच्या घाटात, एका मोठ्या दगडावर ठेवलेली होती. तिच्यातून पांढरा धागा निघाला होता आणि डोंगर उतरत चालला होता. पंचशीला त्याच्या मागं अनवाणी चालली होती, पण पायाला काही टोचत नव्हतं. धागा ज्याला शिवेल ते थांबत होतं. पवनचक्क्या थांबल्या. विहिरीवरची मोटर थांबली. उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यातच थांबली आणि बैल खाली बसून रवंथ करू लागले. सगळीकडं इतकं शांत झालं की तिला झोपेतच हसू आलं.

टेम्पोच्या आवाजानं ती जागी झाली. चार वाजले होते. न्यायच्या आधी एकदा चालवून बघू म्हणून मुंजाजी बसला. पण त्याची पेटी घाईत दुकानातच राहिली होती. मग त्यानं मशीनमध्ये अडकलेली बॉबीनच बाहेर काढली आणि धागा उलगडायला घेतला. पांढरा धागा मीटर दीड मीटर निघाला आणि मग मधून कापसाचा एक पुंजका बाहेर आला. वर धागा गुंडाळून तो नीट लपवलेला होता.

“ताई, हा धाग्याचा कापूस न्हाई,” मुंजाजी म्हणाला. “ह्यात पाला हाय.”

पंचशीलानं पुंजका हातात घेतला आणि ओळखला. वेचणीतून उरलेला, पाल्याचा चुरा असलेला हा कापूस भामाबाईच्या उशीतला होता. उशी तिनंच शिवून दिली होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे तीन महिने गेले होते. पुंजका मुठीत धरून ती रागानं सासूकडं वळली.

“आत्या, मला उसात धाडायचं हाय का तुमाला?”

भामाबाई दाराशी उभी होती. तिनं टेम्पोकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. मशीन न्यायला आलेत, हे आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. ती एकदम घाबरली.

“न्हाई गं बाई. तीस वर्सं ऊस तोडला म्या. ताप आला तरी कुनी बस म्हनलं न्हाई, पोटुशी हुते तरी न्हाई. कारखान्याची मशीन बंद पडली की तेवढंच निजायला मिळायचं. आमी तिचीच वाट बघायचो. तू सकाळपून नुसत्या च्यावर असतीस. जेव म्हनलं तर उठत न्हाईस. म्हनलं, हिचीबी मशीनच बंद पडाय पायजे.”

मुंजाजीनं बॉबीन साफ करून, नव्यानं धागा भरून बसवली. मशीन सुरू झाली आणि मोराच्या मानेखाली निळा पिसारा भरू लागला. टेम्पोवाल्याला त्यानं हातानंच परत जायची खूण केली.

सासूनं दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, हे पंचशीलाच्या तेव्हा लक्षात आलं. ती वाराच घालत बसली होती. पंचशीलानं हात लांब केला आणि चांगली चालती मशीन बंद केली. आत जाऊन ताट वाढून आणलं, फरशीवर ठेवलं. भामाबाई अजून दाराशी उभीच होती.

“बसा, आत्या,” पंचशीला म्हणाली.