कपबशी नको

"कपबशी नको," सारजाबाई म्हणाली. "पेला असंल तर दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

प्रगतीनं चहा पेल्यात ओतला. दौंडातल्या तिच्या दोन खोल्यांतली एक आता आईच्या आजारपणानं अडवली होती. आई म्हणजे सिंधूबाई, सारजाबाईची धाकटी जाऊ. गावाकडं दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, पण दहा वर्षांत त्या भिंतीवरून ना विरजण गेलं ना शब्द.

आज सारजाबाई भीमेकाठच्या गावाहून जीपमध्ये गुडघे दुमडून आली होती, ती एका वाक्यासाठी. जावेच्या तोंडून ते ऐकलं की माफ करायचं आणि तिला घरी न्यायचं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. ठरवलेलं आधी सांगायचं मात्र नव्हतं.

"घरी कोण असतं आता?" सिंधूबाईनं विचारलं.

"कोण असायचंय? दत्ता रांजणगावच्या कंपनीत, बायको घेऊन तिकडंच. एक म्हस हाय. तुझ्यापेक्षा बरी, हाक मारली तर मान तरी वळवते."

"हाक मारली व्हती का तुम्ही मला?"

सारजाबाईनं पेला तोंडाला लावला.

सत्त्याण्णव साली तिचा मुलगा दत्ता पंचायतीला उभा होता. निशाणी छत्री. समोर कपबशी. दोन्हीकडं दोनशे अकरा मतं पडली, चिठ्ठी काढली, ती कपबशीची निघाली. एक मत, फक्त एक मत जास्त असतं तर चिठ्ठीची पाळीच आली नसती. छत्रीकडून मोजणीच्या टेबलाशी खंडू बसला होता. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण भांडायला बरा म्हणून बसवलेला. कपबशीकडून बसला होता सर्जेराव, सिंधूबाईचा सख्खा भाऊ.

सारजाबाईनं आपली मतं बोटांवर मोजली, घर न् घर. बोट अडलं ते जावेवर. त्यात मोजणी संपल्याबरोबर सर्जेराव गुलाल सोडून सरळ बहिणीच्या ओट्यावर आला, आणि दोघं कुजबुजत बसली. अख्ख्या गल्लीनं बघितलं. आणखी पुरावा तो काय पाहिजे?

सारजाबाईनं घरातल्या सहाच्या सहा कपबश्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या. गल्लीत पिठाच्या गिरण्या दोन झाल्या, भजनं दोन झाली. छत्रीवाल्या बायकांनी सिंधूबाईचं हळदीकुंकू तोडलं. कपबशीवाल्या बोलवायच्या, तर तिकडं ती जायची नाही. एकटीच आपल्या ओट्यावर बसायची.

त्याआधी दोघींचं एवढं गूळपीठ, की नवरे चेष्टा करायचे. साक्षरतेच्या वर्गाला गुरुजींनी दांडी मारली की चौथी शिकलेली सिंधूबाईच पाटी घेऊन बसायची. सारजाबाईला नाव लिहायला तिनंच शिकवलं. वर निळं पेन दिलं. "आक्का, आता कुठंबी अंगठा लावायचा न्हाई. कागद पुढं आला की सही करायची." सारजाबाईनं ते देवाच्या नेमासारखं पाळलं. रेशनला सही, दूध डेरीला सही. त्या मतदानालासुद्धा साहेबानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली, तेव्हा तिनं ती कोपरानं बाजूला सारून पेन काढलं होतं.

"अजून हाय व्हय ते पेन?" सिंधूबाईची नजर तिच्या कमरेच्या पिशवीवर गेली होती.

"हाय. तू दिलं म्हणून न्हाई ठेवलं. चालतं म्हणून ठेवलं."

सिंधूबाई हसली. हसताना तिला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

"आक्का, मत पेटीत पडलं की ते पेटीचं झालं. ते घरी आणून दावणीला बांधायचं नसतं. उगं चारा खातं."

"शहाणपण ठेव तुझ्यापाशी. मला एवढंच सांग. त्या बारीला आमचं एक मत गेलं, ते तुझ्यापायी का न्हाई?"

"काकू, अवो..." म्हणत प्रगती पुढं झाली. सिंधूबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यापायीच गेलं, आक्का."

सारजाबाईनं वाक्य ऐकलं. आता माफी द्यायची होती. पण दहा वर्षं कडक राहिलेली जीभ, ती अशी एका घोटात कुठून वळायला?

"निघालं ना शेवटी तोंडातून," एवढंच बोलून ती उठली. बाकीचं पुढच्या खेपेला बोलू, असं जीपमध्ये बसल्यावर मनाशी म्हणाली.

पुढची खेप दहाव्याचीच झाली. तिथं चहा कपबशीत होता. सारजाबाईनं घेतला नाही.

महिन्यानं पंचायतीचं मतदान लागलं. मधल्या खेपेला वॉर्ड बिनविरोध झाला होता, आमदार-खासदारकीच्या मतदानाला ती जायची नाही, म्हणून दहा वर्षांनी ती शाळेची पायरी चढली. भिंतीपलीकडच्या दाराला कुलूप होतं. सोबत कुणाला हाक मारावी असं कुणी उरलंच नव्हतं.

टेबलावरच्या वहीत तिनं निळ्या पेनानं सही केली. बोटाला शाई लावून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशाला यंदा मशीन होतं. छत्रीसमोरचं बटण दाबलं, ते वाजलं. तरी ती हलेना.

"मावशी, झालं तुमचं. या बाहेर," टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या.

"सही ऱ्हायली."

"केलीत की आत्ता इथं."

"ती वहीतली. मी आतली म्हंते. ह्या डब्यावर जागाच दिसंना. मागं तुमचा कागद व्हता, तवा छत्रीसमोर सबंध नाव लिवलं व्हतं मी. सारजाबाई. धडधडीत."

मॅडमनी लिहिता हात थांबवला.

"मतपत्रिकेवर नाव लिहिलंत? मावशी, तसलं मत बाद होतं. मोजताना टेबलाशी बसलेल्यांना ते दाखवतात, आणि बाजूला ठेवून देतात."