हाताची चव

कोरियातल्या दान्यांगच्या बाजारात उनजूने आईबाबांसाठी आइस्क्रीम आणलं आणि हौसेने म्हणाली, "आई, डोळे मिट आणि ओळख बघू, कसलं आहे?"

मल्सुनने चमचाभर तोंडात घेतलं. जरा थांबून म्हणाली, "व्हॅनिला. छान आहे गं."

तिच्या नवऱ्याने, दोक्सूने, आपला चमचा तोंडात घातला आणि त्याला ठसकाच लागला. "अगं, लसणाचं आहे हे! जन्मभर लसूण सोललास, अन् तुला हे व्हॅनिला वाटलं?" शेजारच्या बाकावरची माणसंही हसली. मल्सुनही हसली, पण तिचे कान लाल झाले.

लेक तेवढी हसली नाही. "आई, तुला चव कधीपासून येत नाही?"

"हिवाळ्यात तो मोठा ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. वासही येत नाही," मल्सुन हळूच म्हणाली. "म्हटलं, येईल परत. उगाच कशाला घोर लावायचा तुम्हाला?"

दोक्सूचं हसू विरलं. हिवाळ्यापासून तो सूप खारट झालं म्हणून वाटी ढकलत होता, आल्यागेल्यासमोर 'हिच्या हाताची चव गेली' म्हणून सांगत होता. आता त्याची मान वर होईना.

"मग... स्वयंपाक कसा करतेस गं?" त्याने विचारलं.



"तुम्ही पहिला घास घेता ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघते."