दोन इंच जागा

उत्तर कॅरोलिनाच्या त्या डोंगराळ भागात व्हर्लिन टिप्टनच्या हातचं धुराडं नाही असं गाव नव्हतं. त्यामुळे बांधकामांची नवी तपासनीस ओडेसा त्याच्या ताज्या दगडी धुराड्याभोवती बोटांनी चाचपत फिरू लागली, तेव्हा त्याने घरमालकाकडे बघून डोळा मारला.

"तुळई दगडाला चिकटलीय, काका," ती म्हणाली. "मध्ये दोन इंच मोकळी जागा हवी. शेकोटी पेटली की लाकूड आतल्या आत तापत राहतं. हे उतरवावं लागेल."

"उतरवावं लागेल म्हणे!" व्हर्लिनने थापी बादलीत भिरकावली. "मॅडम, कधी घमेलं तरी उचललंय का? चार पुस्तकं घोकून यायचं आणि आम्हाला अक्कल शिकवायची! अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी असंच बांधतोय. चाळीस वर्षांत एकाची तक्रार नाही. विचार कुणालाही!"

घरमालक खो खो हसला. ओडेसाने काम थांबवण्याचा कागद भरला, सही केली आणि व्हर्लिनपुढे धरला.

"खालच्या ओढ्याजवळच्या प्रेसनेलांच्या घराचं धुराडंही तुमचंच होतं," ती म्हणाली. "तिथली तुळई अशीच तापून पेटली. आईबाबा त्या आगीत गेले. शेजाऱ्यांना फक्त मला बाहेर काढता आलं."

व्हर्लिनने कागद घेतला. त्याला काही बोलायचं होतं, पण तिचं अजून संपलं नव्हतं.



"तक्रार करण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते."